आतून काढलेला फोटो

"हा बघ, अजून एक आला," मी म्हणालो. "नाव, बंटीभाऊ. गाव, पुणे. काम, बिझनेस. आणि दाराचा फोटो टाका म्हटलं तर स्वतःचा टाकलाय. गॉगल लावून."

"मग, दिसायला बरा आहे का?" वत्सलाने वाटाणे सोलता सोलता विचारलं.

"असेल बरा. पण आग लागल्यावर त्याच्यातून बाहेर कसं पडायचं?"

ती हसली. त्या दिवसांत आमचा हा दुपारचा खेळच होता. जेवण झालं की ती काहीतरी निवडत, सोलत बसायची आणि मी ग्रुपवर आलेल्या नव्या लोकांच्या हजेऱ्या तिला वाचून दाखवायचो. कोण कसा आहे, कोण आठ दिवसांत पळेल, यावर आम्ही पैजा लावायचो.

मी सांगलीजवळच्या एका डिस्टिलरीत, तिथल्या अग्निशमन विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. निवृत्त झालो आणि घरच्यांचं डोकं खायला लागलो. लग्नाला गेलो की अक्षता टाकायच्या आधी हॉलचे दरवाजे मोजायचो. हॉटेलात बसलो की वेटरला विचारायचो, मागचा जिना कुठाय, कुलूप का लावलंय. शेवटी मुलगी वैतागली. म्हणाली, "बाबा, हे सगळं आम्हाला ऐकवण्यापेक्षा ज्यांना ऐकायचंय त्यांना ऐकवा ना." तिनेच मला फोनवर ग्रुप काढून दिला. नाव मी ठेवलं, 'जिना मोकळा'. बांधकामाचे नियम आणि आगीपासून बचाव, एवढाच विषय. गुड मॉर्निंग टाकणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी काढून टाकायचो.

तीन वर्षांत चारशे बारा माणसं झाली. आर्किटेक्ट, कंत्राटदार, सोसायट्यांचे सेक्रेटरी, आग विझवायचे सिलिंडर भरून देणारे, आणि नाव लपवून आलेले दोनतीन नोकरीतले अग्निशामक. माझ्या जोडीला नाशिकचा हर्षद वाघोलीकर म्हणून एक आर्किटेक्ट ॲडमिन होता. हुशार माणूस, बोलायला गोड. वादात कधी पडायचा नाही. वाद घालायला मी होतोच.

नवी माणसं यायची ती लाटेने. कुठे मोठी आग लागली, टीव्हीवर दिसली, की दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे भरती. पंधरा दिवस सगळे पोटतिडकीने विचारणार, आमच्या शाळेचं काय, आमच्या दवाखान्याचं काय. मग तिकडे क्रिकेट सुरू झालं की इकडे सामसूम. म्हणून मी नियम काढला होता. आत आलं की आधी हजेरी द्यायची: नाव, गाव, काम, आणि तुम्ही दिवसभर जिथे असता त्या जागेच्या दाराचा फोटो. फोटो आतून काढलेला पाहिजे. आग लागल्यावर पळताना तुम्हाला जसं दिसेल, तसा.

हा आतून फोटोचा नियम माझा लाडका होता. सुरुवातीला लोक बाहेरून फोटो काढून टाकायचे. नवा रंग, तोरण, दुकानाची पाटी. मी लिहायचो, बाहेरून सगळी दारं चांगली दिसतात, आत या. ते वाक्य इतकं चाललं की दुसरे लोकही ते वापरायला लागले. फोटो पडला की आम्ही जुनी खोडं त्याच्यावर तुटून पडायचो. कडी चुकीची, उंबरा उंच, दाराशी चपलांचा ढीग, वर पाटी नाही. निम्मे लोक तिथेच नाराज होऊन निघून जायचे. मी म्हणायचो, गेले तर गेले, ज्याला बोलणं सोसत नाही त्याला आग काय सोसणार. असा मी होतो.

बंटीभाऊच्या खालीच तिची हजेरी होती.

"ही बघ," मी वत्सलाला म्हणालो. "'नाव, रत्नमाला मुसांडे. काम, निश्चय अभ्यासिका चालवते. दुसरा मजला, बावन्न खुर्च्या. मी ग्रुपवरचे जुने सर्व मेसेज वाचले आहेत आणि नोट्स काढल्या आहेत. काही चुकल्यास कृपया सांगावे.'"

"सगळे वाचले?" वत्सलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तीन वर्षांचे? मी तर तुमचे आजचेही वाचले नाहीत."

मलाही नवल वाटलं. नंतर कळलं, लातूरच्या पुढे एका तालुक्याच्या गावची ही बाई. वय अडतीस. लग्न केलेलं नाही. स्पर्धा परीक्षेला बसून बसून तारुण्य गेलं, पाच वेळा मुख्य परीक्षा दिली, पोस्ट काही निघाली नाही. मग तिने ठरवलं, आपली नाही निघाली तर दुसऱ्यांची तरी निघावी, आणि अभ्यासिका काढली. आसपासच्या खेड्यांतली मुलंमुली सकाळी सातला येऊन बसायची, दारं-खिडक्या लावून, एसी लावून, एकही शब्द न बोलता. आठवड्यापूर्वी दुसऱ्या कुठल्या शहरातल्या क्लासला लागलेली आग तिने टीव्हीवर पाहिली होती आणि त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती. एका दाराच्या आत बावन्न लेकरं, असं तिने लिहिलं होतं.

फोटो आतून काढलेला होता, नियमाप्रमाणे. खुर्च्यांची रांग, टेबलांच्या मधल्या पट्ट्या, समोर एकच लाकडी दार. दार आत उघडणारं. मी तिथेच तिला धरलं.

मी लिहिलं, "ताई, दार आत उघडतंय. धूर झाला की बावन्न मुलं एकदम त्या दारावर येऊन आदळणार. मागचे पुढच्यांना रेटणार. मग पुढचा दार आत ओढणार कसा? त्याला हात मागे घ्यायलाही जागा नसेल."

मग तिचं उत्तर आलं, "सर, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. मग काय करू?"

"बिजागऱ्या काढा. दार फिरवा. बाहेर उघडलं पाहिजे. जिकडे पळायचं तिकडे दार उघडायचं, हा नियम आहे, माझं मत नाही."

"सर, मग हे फायनल ना?"

"शंभर टक्के फायनल."

तिने बाहेरचाही फोटो टाकू का म्हणून विचारलं. मी नेहमीचं लिहिलं, "ताई, नियम एकच. आतून. बाहेरचं आम्हाला नको. बाहेरून सगळी दारं चांगली दिसतात." एकोणीस जणांनी खाली हसरे चेहरे टाकले. वाघोलीकरनेही टाकला.

बाईने चार दिवसांत सुतार आणला. घरमालक नाही म्हणत होता, म्हणे माझं सागवानी दार आहे, भोकं पाडू नका. तिने त्याच्या घरी दोन चकरा मारल्या, त्याच्या सुनेला मध्ये घातलं आणि दार फिरवून घेतलंच. मग दुसरा फोटो टाकला. आतूनच. दार बाहेर उघडलेलं, आणि एक मुलगी एका हाताने ते ढकलून दाखवतेय, पिवळी ओढणी, हसू आवरत नाही असा चेहरा. खाली लिहिलं होतं, "ही आमची प्राजक्ता घोडके. एका बोटाने उघडतं म्हणते."

मी लिहिलं, "हजेरी पास." तो मान मी वर्षातून तीनचार जणांनाच द्यायचो.

खरं सांगतो, मला ती बाई फार आवडायला लागली. त्या आवडण्यात वावगं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी कारखान्यात बोंबलत होतो आणि साहेब लोक हो हो म्हणून फाइल खाली सरकवत होते. इथे एक बाई माझा शब्द ऐकते, चार दिवसांत सुतार बोलावते आणि वर आभार मानते. माणसाला आणखी काय पाहिजे? मी वत्सलाला दिवसातून दोनदा तिचं कौतुक सांगायचो. वत्सला म्हणायची, "आता तिच्या नावाने एक मेडल काढा." पुढच्या लाटेत नवे लोक आले आणि माझं बोलणं ऐकून फुरंगटले, तेव्हा तीच त्यांना समजवायची. "शिरदवाडे सर कडक बोलतात, पण त्यांचं ऐका. मी ऐकलं, आता मला शांत झोप लागते," असं तिने लिहिलं होतं. ते वाचून माझी छाती फुगली होती.

एकदा तिचा फोनही आला होता. म्हणाली, "सर, दोन मुलांची पोस्ट निघाली. एक तलाठी, एक कर निरीक्षक. पेढे पाठवता येत नाहीत, म्हणून फोन केला."

"अहो ताई, अभिनंदन. तुमच्या हाताला यश आहे."

"माझ्या हाताला कसलं यश सर," ती हसली. "मला आयुष्यात एकच गोष्ट येते. उत्तरतालिका मिळाली की तिच्याबाहेर जायचं नाही."

हे जानेवारी-फेब्रुवारीतलं. मे महिन्याच्या एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी टीव्ही लावला आणि खाली पट्टी फिरत होती. अभ्यासिकेत आग. तिघांचा मृत्यू. गाव रत्नमालाताईंचं होतं. वत्सलाने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" मी नुसतं बोट दाखवलं.

संध्याकाळपर्यंत सगळं कळत गेलं. अभ्यासिकेला आग लागलीच नव्हती. आग लागली होती समोरच्या मंडपवाल्याच्या गोडाऊनला. मधे तीन फुटांचा पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला जिना. लग्नाची दाट तीथ होती. मंडपवाल्याच्या माणसांनी टेम्पो भरायला म्हणून गोडाऊनमधल्या लोखंडी खुर्च्या बाहेर काढून पॅसेजमध्ये थप्प्या लावल्या आणि जेवायला गेले. आत वायर पेटली, कापडाने पेट घेतला, पॅसेजमध्ये धूर कोंडला. अभ्यासिकेत अडतीस मुलं होती. धुराचा वास आला, मुलं उठली, दाराकडे धावली आणि दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि खुर्च्यांना जाऊन अडकलं.

मागच्यांनी पुढच्यांना रेटलं. जितकं रेटलं तितकं दार खुर्च्यांत घट्ट रुतत गेलं.

रत्नमालाताई त्या वेळी आत नव्हत्या. प्रिंटरची शाई आणायला खाली गेल्या होत्या. धूर बघून त्या जिन्याने वर धावल्या, तोंडाला पदर लावून, आणि त्या तापलेल्या लोखंडी खुर्च्या एकेक करून हाताने ओढून जिन्यावरून खाली फेकत राहिल्या. दार उघडलं ते त्यांनी उघडलं. पस्तीस मुलं जिवंत बाहेर पडली ती त्यांच्यामुळे. तिघं दाराच्या आतच खाली पडलेली सापडली. दोन मुलं, आणि प्राजक्ता घोडके.

तेच दार आत उघडणारं असतं तर मुलांनी रेटारेटीतून का होईना ते ओढलं असतं, खुर्च्यांवर चढली असती, खरचटलं असतं, पाय मोडले असते, पण जिना पंधरा पावलांवर होता. आणि ज्या कलमात लिहिलंय की दार बाहेर उघडावं, त्याच कलमात पुढच्याच ओळीत लिहिलंय की उघडलेल्या दाराने बाहेरची वाट अडता कामा नये. मी ती ओळ शेकडो लोकांना शिकवलेली आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणजे दार फिरवायचं तर आधी बाहेर काय आहे ते बघायचं, हे पहिलीतलं ज्ञान आहे. आणि मी काय म्हणालो होतो? बाहेरचं आम्हाला नको.

सातच्या सुमाराला वाघोलीकरचा फोन आला.

"बातमी पाहिलीत?"

"पाहिली."

"आपल्या ग्रुपवरचीच ना ती? मुसांडे?"

"हो."

"सर, मी काही म्हणत नाही हं. तुम्ही मोठे आहात. पण ते सगळं बोलणं अजून ग्रुपवर आहे. तुमचं, तिचं. खाली आम्हा सगळ्यांचे हसरे चेहरे आहेत. उद्या कोणी पत्रकार घुसला, पोलीस आले... मी लायसनवाला माणूस आहे. बाकीच्यांचेही धंदे आहेत. तुम्ही ॲडमिन आहात, तुम्हीच काय ते बघा."

"तूही ॲडमिन आहेस," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय ना सर. मी काही म्हणत नाही."

फोन ठेवून मी ते बोलणं काढलं. आणि आता एक गोष्ट कबूल करतो. वर मी तिचा तो बाहेरच्या फोटोचा प्रश्न अर्धाच सांगितला. इतकी वर्षं मी स्वतःलाही तो अर्धाच सांगत आलो. पूर्ण मेसेज असा होता: "सर, बाहेर पॅसेज तीन फुटांचा आहे. समोर मंडपवाल्याचं गोडाऊन आहे, त्यांच्या खुर्च्या कधीकधी पॅसेजमध्ये असतात. दार बाहेर उघडलं तर त्याला अडेल का? मी त्यांना सांगितलंय ठेवू नका म्हणून. बाहेरचाही फोटो टाकू का?"

तिने सगळं विचारलं होतं. जे मी तिला विचारायला हवं होतं, ते तिनेच मला विचारलं होतं. आणि मी तो मेसेज नीट वाचलासुद्धा नव्हता. फोटोचं नाव दिसलं आणि मी माझं लाडकं वाक्य ठोकून दिलं, कारण त्यावर लोक हसतात हे मला माहीत होतं.

त्या ॲपमध्ये ॲडमिनने मेसेज पुसला की तो सगळ्यांच्या फोनमधून जातो. मागे खूणही उरत नाही. मी तिची हजेरी पुसली, फोटो पुसले, माझी उत्तरं पुसली. एकेक निवडून, शांतपणे. 'मला शांत झोप लागते' तेही पुसलं. स्वतःला सांगत होतो, चारशे माणसांचा ग्रुप आहे, इथून शेकडो दारं सुधारली, एका बाईपायी तो बुडायला नको. वत्सला शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने बघितलं. मी तिला काही बोलू दिलं नाही.

ग्रुपवर दुसऱ्या दिवशी आगीची बातमी पडली. लोकांनी हात जोडले, रडके चेहरे टाकले. ती आपलीच सदस्य होती हे शेकडो लोकांना माहीत होतं. तिचं बोलणं कुठे गेलं, असं एकानेही विचारलं नाही.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. खटला साडेचार वर्षं चालला. घरमालक सुटला, त्याने सांगितलं, माझं मूळ दार आत उघडणारं होतं, मी नको म्हणत होतो. मंडपवाल्याला शिक्षा झाली, पण कमी. तो म्हणाला, वीस वर्षं मी पॅसेजमध्ये खुर्च्या ठेवतोय, दार आत उघडत होतं तोवर कधी कोणाचं अडलं नाही. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं, कोणत्याही जाणकाराचा सल्ला न घेता दाराची दिशा बदलली. रत्नमाला मुसांडेंना दोन वर्षांची कैद झाली. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. न्यायाधीशांनी विचारलं, दार कोणाच्या सांगण्यावरून फिरवलं. त्या म्हणाल्या, कोणाच्या नाही, माझ्या मनाने फिरवलं. बाहेर बघायला हवं होतं, तेच माझं चुकलं.

त्यांच्या वकिलाने म्हणे नंतर कोणाला तरी सांगितलं, बाईंनी कोणाला विचारलं असल्याचा एक कागद जरी असता तरी मी सोडवून आणलं असतं.

लोकांना वाटलं असेल, बाई खचली, म्हणून स्वतःवर सगळं घेतलं. ते शब्द तिचे नव्हते. ते तिला कोणी दिले, हे त्या कोर्टात बसलेल्या माणसांपैकी फार तर एकाला माहीत असेल, तिच्या भावाला.

आगीनंतर सहाव्या दिवशी, सकाळी अकराला तिचा फोन आला होता. अनोळखी नंबर होता, म्हणून मी उचलला. ओळखीचा असता तर उचलला असता की नाही, देव जाणे.

"सर, मी रत्नमाला. भावाच्या फोनवरून बोलतेय. हाताला पट्ट्या आहेत ना, फोन त्यानेच धरलाय. स्पीकरवर आहे."

"बोला ताई. कसे आहेत हात?"

"हात होतील बरे. सर, प्राजक्ता गेली."

"हो ताई. वाचलं."

"तिची आई आली होती इथे. काही बोलली नाही. नुसती बसून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं."

पलीकडे दवाखान्यातला आवाज येत होता, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं.

"सर, पोलीस आले होते. दार कोणाच्या सांगण्यावरून फिरवलं म्हणाले. मी म्हटलं, मनाने नाही केलं, जाणत्या लोकांना ग्रुपवर विचारून केलं. ते म्हणाले, मग दाखवा. माझा फोन त्या दिवशी तिथेच गेला. भावाने नवीन सिम काढलं, ग्रुप उघडला. बाकी सगळं आहे सर. माझंच तेवढं सापडत नाही."

हीच ती वेळ होती. एक वाक्य बोललो असतो, ताई, मी पुसलं, पण मी स्वतः येतो आणि पोलिसांना सांगतो, तर सगळं वेगळं झालं असतं. सांगली ते तिकडे एका रात्रीचा प्रवास. मला सत्तर वर्षं पूर्ण होत आली होती, मला कोण काय करणार होतं? फार तर लोक थुंकले असते.

मी म्हणालो, "जुनं आहे ना ताई ते. जुनं आपोआप जातं त्यात."

तिने आमचे तीन वर्षांचे मेसेज वाचले होते, नोट्स काढल्या होत्या. कुठलं कुठे आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"पण सर," ती हळूच म्हणाली, "डिसेंबरचं दिसतंय. त्याच्या आधीचंही दिसतंय."

मी काही बोललो नाही. पलीकडून तिच्या भावाचा श्वास ऐकू येत होता. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, कार्यालयात अर्ज परत घेताना माणूस बोलतो तसा.

"बरं सर. असू दे. मग मी असं सांगते, मनानेच केलं. तुमचं नाव कशाला उगाच. तुमच्यामुळे पुष्कळ लोकांचं भलं होतंय."

"ताई," भाऊ मधेच बोलला, "अगं काय सांगतेस तू..."

"तू थांब," ती त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "सर, रागावू नका, एक विचारते. मी सहा दिवस झोपले नाही. मला फक्त एवढं कळू द्या. प्रश्न सुटला नाही तर मला चैन पडत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं. मग माझं चुकलं कुठे?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. आरोप नव्हता त्यात. असता तर मी भांडलो असतो आणि भांडता भांडता कदाचित खरं बोलून गेलो असतो.

मी म्हणालो, "ताई, दार फिरवायच्या आधी बाहेर बघायला हवं होतं."

"हो सर," ती म्हणाली. "तेच चुकलं माझं."